दंगलीतलं पाचवं नाव

"नाव?"

"इलाही बादशा मुलाणी, मुक्काम रेठवण, वस्ताद हिंदुराव मगदूम यांचा पठ्ठा!"

हवालदार नगराळेंनी लिहिता लिहिता मान वर केली. पोरगं ताठ उभं होतं. अंगावर लाल माती वाळलेली, एका कानाची पाळी सुजलेली, लंगोटावर कुणाचा तरी टॉवेल गुंडाळलेला. पण आवाज कसा? मैदानात फेटा बांधून घेताना लागतो तसा खणखणीत.

"एवढं सारं काउन सांगून राह्यला बे? मी नाव विचारलं."

"ते नावच हाय सायेब."

नगराळे मूळचे विदर्भातले, बदली होऊन आमच्या भागात नुकतेच आलेले. त्यांनी पुढच्याला बोलावलं. पुढचा धोंडीराम. तोही तसाच ताठ, शेवटी तेच वस्तादाचं नाव. तिसरा सर्जेराव, पुन्हा तेच. चौथा महिपती जाधव. त्याचा आवाज जरा बसला होता, पण शेवटचे शब्द त्यानंही गिळले नाहीत. नगराळेंनी पेन खाली ठेवलं, चौघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि स्वतःशीच मान डोलावली. मनात काय जुळवाजुळव चालली होती देव जाणे. मला वाटलं, ऐट बघून कौतुक वाटलं असेल माणसाला!

मी शेजारच्या बाकावर माझ्या माईकची वाट बघत बसलो होतो. मी यशवंत गुरव, कुस्तीचा निवेदक. आता घसा बसलाय तो कायमचाच, पण त्या काळी आमच्या पट्ट्यात मैदान म्हटलं की गुरव मास्तर ठरलेला. त्या दिवशी पेठवडीच्या यात्रेत मैदान उधळलं, आणि पोलिसांनी पोरांबरोबर माझा माईक आणि ॲम्प्लिफायरही उचलून आणला. मुद्देमाल म्हणे! माईकनं कुणाचं डोकं फोडलं होतं? पण ऐकतो कोण.

आमच्याकडची पद्धत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पैलवान मातीत उतरला की मी पुकारायचं: अमक्या गावचा अमका, तमक्या वस्तादाचा पठ्ठा. एक वेळ बापाचं नाव राहिलं तर चालतं, वस्तादाचं राहिलं तर पैलवान जागचा हलत नाही, आणि हलगीवाला हलगीवर टिपरी टाकत नाही. तालमीत आलेलं पोर लंगोट बांधायला शिकतं त्याच्या आधी हे वाक्य शिकतं. त्यामुळं ठाण्यात नाव विचारल्यावर चौघांनी ते सगळं सांगितलं, यात मला काहीच वावगं वाटलं नाही.

झालं होतं ते एवढंच. इलाहीनं घिस्सा डाव मारून समोरचा पाठीवर घातला. खांदे टेकलेले निम्म्या मैदानानं बघितले, पण पंच विलास थोरवत नेमके पायाकडच्या बाजूला होते. ते म्हणाले, "न्हाई, निकाल न्हाई. परत धरा!" इलाही हात वर करून नाचायला लागलेला, तो तसाच थिजला. कडेला बसलेले त्याच्या तालमीचे तिघं उठले आणि थेट आखाड्यात शिरले. महिपतीनं थोरवतांच्या फेट्याला हात घातला. फेटा सुटत गेला, थोरवत गरकन फिरले आणि स्टेजच्या खांबावर कपाळ आपटून खाली बसले. हलगी थांबली. हलगी थांबली की मला कळतं, आता काही खरं नाही.

मी माईकवरून "बसून घ्या, बसून घ्या" ओरडत राहिलो. पेठवडीची पोरंही मधे पडली होती, पण कमिटीनं ठाण्यात नावं दिली ती रेठवणच्या चौघांचीच. गावचं एकही नाव द्यायचं नाही हे त्यांचं तिथल्या तिथं ठरलं होतं. थोरवतांच्या कपाळाला टाके पडले.

यात वस्ताद कुठं होते? रेठवणला, आपल्या दारात. पेठवडीची कमिटी जोडी नीट बघून लावत नाही, हलक्या पोरावर जड पैलवान घालते, म्हणून आदल्या वर्षी वस्ताद तिथं भांडून आले होते. "तिकडं जायचं न्हाई," असा त्यांचा हुकूम होता. चौघं हुकूम मोडून सकाळच्या एसटीनं गेले. वस्तादांना दुपारी कळलं. त्यांनी तालमीतल्या खुंट्यांवरचे चौघांचे लंगोट काढले, बाहेर पायरीवर टाकले आणि चार लोकांच्या देखत सांगितलं, "आजपास्नं ही माझी न्हवंत!" तालमीच्या भाषेत याच्यावर अपील नसतं. आणि साधारण त्याच सुमाराला ही चौघं पोलीस ठाण्यात त्यांचंच नाव छाती फुगवून सांगत होती.

पंधरवड्यानं रेठवणला पोलीस आला. वस्ताद म्हशीची धार काढत होते.

"हिंदुराव मगदूम कोण?"

"मी."

"तुम्ही फरारी आहात."

वस्तादांनी चरवी खाली ठेवली. "कुटनं?" त्यांनी विचारलं.

नगराळेंनी केलं होतं ते असं. चौघांनी एकच नाव घेतलं, म्हणजे म्होरक्या तोच, म्हणजे तो तिथं असणारच, आणि हाती लागला नाही म्हणजे पळाला. आरोपी नंबर पाच, हिंदुराव दादू मगदूम, फरार. माणूस काही वाईट नव्हता हो! त्याच्या मुलखात कुणी आपल्या नावापुढं दुसऱ्याचं नाव लावून सांगत नसेल, त्याला तो बिचारा काय करणार?

आम्हाला आधी हसू आलं. वकील निटवेंच्या घरी गेलो तेव्हा हसू पळालं.

निटवे वकील तालुक्याचे नावाजलेले. घरात कायद्याच्या पुस्तकांपेक्षा इतरच पुस्तकं जास्त. वस्ताद खुर्चीवर बसेनात, उंबऱ्याजवळ सतरंजीवर टेकले. मी मधे, आणि महिपती बाहेर ओट्यावर. आत यायची त्याची टाप नव्हती.

निटवे म्हणाले, "थोरवत काय म्हणतात?"

"ते मिटवायला तयार आहेत," मी म्हणालो. "स्वतः पैलवान माणूस. म्हणाले, मातीत आयुष्य गेलं, कपाळ काय आज पहिल्यांदा फुटलं का?"

"मग त्यांना मिटवता येणार नाही, हीच तर मेख आहे." निटवेंनी चष्मा पुसला. "चौघांनी मिळून एकाला मारलं तर ती मारामारी. ज्याला लागलं त्यानं कोर्टात येऊन 'आमचं मिटलं' म्हटलं की विषय संपला. पण पाच झाले की कायदा त्याला जमाव म्हणतो, आणि जमावानं मारलं की ती दंगल. दंगल थोरवताविरुद्ध नसते, सरकारविरुद्ध असते. ती मिटवायचा हक्क थोरवताला नाही. खटला चालणार, वर्षानुवर्षं चालणार."

"आणि महिपती?" मी विचारलं.

"पोलीस भरतीत नाव लागलंय ना त्याचं? आता चारित्र्याचा दाखला जाईल. त्यावर दंगलीचा गुन्हा दिसला की पोरगा कामातून गेला. मारामारी मिटली तर मी सांभाळून घेईन. दंगल मला सांभाळता यायची नाही."

महिपतीला बाप नव्हता. आई दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जायची. भरतीत नाव लागलं त्या दिवशी त्या बाईनं गावभर गुळाचा खडा वाटला होता. ओट्यावर त्याची मान खाली गेलेली मला दारातून दिसली.

वस्ताद सतरंजीवर पुढं सरकले. म्हणाले, "वकीलसायेब, दंगल म्हंजे काय म्हणलासा?"

"पाच जणांनी मिळून..."

"त्ये कळलं. माझा बाप दंगलीला जायाचा. आई भाकरी बांधून द्यायाची, आनी शेजारीण इचारायची, कुटं गेल्यात? आई सांगायची, दंगलीला गेल्यात. तालमीच्या भितीवर आजून जुनी पत्रकं हाईत, 'कुस्त्यांची जंगी दंगल' म्हणून. आनी आता तुमी म्हंताय, दंगल केली म्हणून पोरं आत जाणार?"

निटवे खुलले. हा त्यांचा लाडका विषय. उठून त्यांनी एक जाडजूड कोश काढला, पानं उलटली. "शब्द फारसीतून आला असं म्हणतात. आधी अर्थ माणसांचा घोळका. मग घोळका ज्याच्याभोवती बसतो तो आखाडा. मग आखाड्यातली कुस्ती. आणि पुढं आपल्याकडं हाणामारी, जाळपोळ, लुटालूट. तुमची दंगल आणि सरकारची दंगल एकाच घरच्या आहेत वस्ताद, भाऊबंद म्हणा हवं तर."

"आनी मधी काय झालं?"

"कशाच्या मधे?"

"घोळका बसल्याला हुता म्हंतायसा. त्यो उटला कवा?"

निटवे हसले. "ते कोशात नाही." मग कोश मिटून कामाचं बोलले. "तुम्ही त्या दिवशी गावात होता, हे साऱ्या रेठवणला माहीत आहे. तुमचं नाव काढा म्हणून मी अर्ज देतो. कोर्टात तुम्हाला दोनच गोष्टी सांगायच्या. एक, मी तिथं नव्हतो. दुसरी, ही पोरं माझी नाहीत, मी त्यांना तालमीतून काढलंय."

"दुसरी कशाला?"

"सरकारी वकील विचारणारच. पठ्ठे तुमचे, मग पाठवलं तुम्ही, चिथावलं तुम्ही. तुम्ही 'होय, माझेच' म्हणालात की त्याला धागा मिळाला. तो धागाच ठेवायचा नाही. आणि खोटं कुठं बोलायचंय? काढलंय ना तुम्ही खरंच?"

"काडलंय," वस्ताद म्हणाले. उठले, पायात पायताण घातलं आणि ओट्यावरच्या महिपतीकडं न बघता रस्त्याला लागले.

तारीख जवळ आली तरी वस्तादांचा निरोप नाही. निटवे मला म्हणाले, "मास्तर, जाऊन या एकदा. हा म्हातारा कोर्टात उभा राहून भलतंच बोलला तर पाचाचे पाच आत जातील." मी रेठवणला गेलो.

तालमीत वस्ताद एकटेच माती खणत होते. बाजूला ताकाची घागर, चिरलेली लिंबं, हळदीची पुडी. माती मऊ राहावी म्हणून हे सगळं घालून ती मळावी लागते, हे काम एरवी पोरं करतात. खुंट्यांच्या ओळीत चार खुंट्या मोकळ्या होत्या.

"घ्या ताक," वस्ताद म्हणाले. "मातीतलं न्हवं, घरातलं."

त्यांच्या बायको, आक्का, तांब्या घेऊन आल्या. जाता जाता माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मास्तर, परड्यात जाऊन बघा जरा. चार लंगोट वाळत्यात. ज्यानं भाईर टाकली त्यानंच पायरीवरनं उचलून आणल्यात, आनी मला म्हंत्यात, धू."

"तू जा की आत!" वस्ताद खेकसले.

मी ताक पिऊन घेतलं. मग म्हटलं, "वस्ताद, परवा काय सांगणार?"

त्यांनी कुदळ मातीत रोवली आणि दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. "गुरव, राग आल्ता तवा बोललो, ही माझी न्हवंत. कायबी वाटलं न्हाई बग. उलट बरं वाटलं. आनी तू सांगितलंस की फौजदाराच्या दारात उभी ऱ्हाऊन त्यांनी माझंच नाव सांगितलं. मी त्यास्नी टाकलं त्याच टायमाला त्यांनी मला धरलं. त्यास्नी ठावं तरी हुतं का, मी काय करून बसलोय?"

"नव्हतं."

"मग आता थंड डोस्क्यानं, सगळ्यांच्या म्होरं, त्यांच्या तोंडावर म्हणायचं, न्हवंत माझी? जीभ रेटत न्हाई रं माझी."

"म्हणालात तर सुटतील."

"आनी माझी हाईत म्हणलो तर?"

"पाच होतील."

"म्हंजे पोरं माझी म्हणलं की दंगल, न्हवंत म्हणलं की मारामारी." ते हसले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "ह्ये कसलं रं सरकार? आनी मी तितं असतो तर? मी असतो तर एक तरी उटला असता का जागचा? हुकूम मोडला म्हणून रागावलो, पर मीच हट्टानं घरात बसलो की. आखाड्याच्या कडंला बसाय कुणीतरी लागतंय."

मी म्हटलं, "महिपतीची आई माझ्याकडं आली होती."

"माझ्याकडंबी आलती," ते म्हणाले आणि पुन्हा खणायला लागले. काय सांगणार ते मला कळलं नाहीच.

कोर्टात त्या दिवशी बाई मॅजिस्ट्रेट होत्या. तरुण, पण नजर करारी. निटवेंनी पाचव्या आरोपीचा अर्ज आधी घेण्याची विनंती केली. नगराळे दाराशी उभे होते. चौघं पोरं एका ओळीत, इस्त्रीचे शर्ट घालून. निटवेंनी त्यांना बजावलं होतं: नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. बास. त्यापुढं एक अक्षर काढलंत तर मी वकीलपत्र सोडीन.

वस्ताद पिंजऱ्यात गेले. फेटा काढून हातात घेतला.

"घटनेच्या दिवशी तुम्ही पेठवडीत होता का?" बाईंनी विचारलं.

"न्हाई."

"कुठं होता?"

"घरात. म्हस आजारी हुती." म्हैस चांगली ठणठणीत होती. पण रागानं घरात बसलो होतो हे कसं सांगणार?

सरकारी वकील उठले. "ही चौघं तुमच्या तालमीतली?"

वस्ताद हातातला फेटा चाचपत राहिले. पंखा कुरकुरत होता. निटवेंच्या हातातलं पेन टेबलावर टकटक करायला लागलं. मी मनात म्हटलं, गेलं! आता हा माणूस 'होय' म्हणणार.

"हुती," वस्ताद म्हणाले.

"आता?"

"आता न्हाईत. माझा हुकूम मोडून गेली. मी त्यास्नी काडून टाकलं." त्यांनी मान वळवून ओळीकडं बघितलं, एकेकाकडं, सावकाश, आणि महिपतीवर नजर ठेवून म्हणाले, "माझी न्हवंत ही."

"मग पोलिसांना तुमचं नाव का सांगितलं?"

"सवय," वस्ताद म्हणाले. "लागल्याली सवय. सुटंल."

बाईंनी काहीतरी लिहिलं. सरकारी वकील खांदे उडवून बसले. पाचवं नाव वगळलं गेलं, म्हणजे उरले चार. वस्ताद खाली उतरून मागच्या बाकावर बसले, पण फेटा हातातच.

मग चौघांची पाळी. "नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"इलाही बादशा मुलाणी, मुक्काम रेठवण..." इलाहीचं तोंड उघडंच राहिलं. पुढचे शब्द तोंडात आले होते, दिसत होते मला. निटवे खोकले. इलाहीनं तोंड मिटलं.

धोंडीराम आणि सर्जेराव कसेबसे गावापर्यंत येऊन थांबले. महिपती शेवटी उभा राहिला.

"महिपती रामू जाधव," तो म्हणाला. "मुक्काम रेठवण."

आणि थांबला. निटवेंना खोकावं लागलं नाही, की तो अडखळला नाही. वस्तादांनी सांगितलेली सवय त्यानं तिथल्या तिथं सोडून दाखवली. मी मागं वळून बघितलं. वस्तादांनी फेटा तोंडाला लावला होता.

बाहेर आल्यावर चौघं धावत आले आणि पायांकडं वाकले. वस्ताद दोन पावलं मागं सरले. "आत काय बोललोय मी? आयकलासा न्हवं?" आणि फेटा बांधत एकटे एसटी स्टँडकडं चालू लागले. पोरं वाकलेली तशीच राहिली. त्यांनाही कळलं होतं, मिटवल्याच्या कागदावर थोरवतांची सही होईपर्यंत हे असंच ठेवलं पाहिजे.

सही झाली. मारामारी मिटली, महिपतीचा दाखला साफ गेला आणि तो पोलिसात लागला. त्याच्या आईनं पुन्हा गूळ वाटला, मलाही आणून दिला. झालं गेलं विसरून पोरं तालमीत परत जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण नाही गेली. वस्ताद चार लोकांत, कोर्टात बोलले होते, तो शब्द परत कोण घेणार? ते बोलवेनात, आणि न बोलावता जायची पोरांची हिंमत होईना. लंगोट आक्कांनी घडी करून ठेवले होते. दुसऱ्या तालमींचे वस्ताद इलाहीला, महिपतीला बोलवायचे, आमचं नाव लावा म्हणायचे. दोघंही शेतातल्या बांधावर, नाहीतर पोलीस लाइनच्या मागं, मिळेल तिथं मेहनत करत राहिले. नाव कुणाचं लावलं नाही. मला वाईट वाटायचं, पण मधे पडणारा मी कोण?

पुढच्या वर्षी पेठवडीचं मैदान आलं. थोरवतांनीच पोरांना सांगावा धाडला, या म्हणून. या खेपेला जोडी मी स्वतः बघून लावतो, असंही सांगितलं. कपाळावरची खूण मिरवत ते पंच म्हणून उभे होते. बंदोबस्ताला नगराळे, माझ्या टेबलाशेजारीच. वर्षभरात ते चांगले रुळले होते, घिस्सा कुठला आणि ढाक कुठली हेही ओळखायला लागले होते.

महिपती रजा काढून आला होता. लंगोट कसून माझ्या टेबलाजवळ आला.

"मास्तर, माझं नाव घेताना..."

"काय म्हणू?"

"महिपती जाधव, रेठवण. एवढंच म्हणा."

"आणि पुढं?"

"एवढंच." तो मातीत उतरायला गेला.

मी माईक घेतला. "महिपती रामू जाधव! मुक्काम रेठवण!" आणि माझाच आवाज अडला. इतकी वर्षं त्या वाक्यापुढं जे यायचं ते आत तसंच राहिलं. हलगीवाल्याची टिपरी वर उचललेली होती, ती तशीच हवेत. वस्तादाचं नाव आलं की ती पडते, हे त्याच्या हाताला ठाऊक. लोक माना उंचावून बघायला लागले. महिपती आखाड्याच्या कडेला मातीला हात लावून वाकलेला, तो उठेना.

"गुरव!" वरच्या उतारावरून, पार मागच्या गर्दीतून हाक आली. "मुका झालास व्हय रं? म्होरलं म्हण की!"

सगळ्यांनी वळून बघितलं. वस्ताद मान्यवरांच्या खुर्च्या सोडून लोकांत बसले होते. ते आलेत हे मलाही माहीत नव्हतं.

"म्होरलं काय, वस्ताद?" मी माईकवरून विचारलं. मुद्दामच विचारलं.

ते उठून उभे राहिले. माईक नाही, काही नाही. त्या वयात आवाज कुठून आणला कुणास ठाऊक!

"वस्ताद हिंदुराव मगदूम यांचा पठ्ठा!"

टिपरी पडली. हलगी कडाडली. महिपतीनं मूठभर माती उचलून कपाळाला लावली आणि तसाच गर्दीतून वाट काढत उताराकडं पळत सुटला. कुस्ती लावायची सोडून समोरचा पैलवान बघत राहिला. यावेळी वस्ताद मागं सरले नाहीत. वाकलेल्या पोराच्या पाठीवर त्यांनी इतक्या जोरात थाप मारली की ती मला टेबलापाशी ऐकू आली. कडेच्या गर्दीत इलाही, धोंडीराम आणि सर्जेराव एकदम उठून उभे राहिले.

"बसा खाली!" वस्ताद वरून गरजले. "एकालाच पुकारलंय!"

तिघं टपकन खाली बसले. मैदान हसलं.

नगराळे माझ्याकडं झुकले. "मास्तर, हे आता नावं किती झाली?"

"एकच," मी म्हणालो. "ते नावच आहे, साहेब."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. महिपती खाली परत येत होता, म्हणून मी माईक चालू केला आणि समोरच्याचं नाव पुकारलं.